अढीची राखण

पूर्वी शंखपूर नावाच्या नगरात ऋतुसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका केळी पिकवणाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव धनिल. थंडीच्या दिवसांत इतरांची केळी हिरवीच राहून काळी पडत, धनिलच्या अढीतून, म्हणजे फळे पिकवायच्या खड्ड्यातून, मात्र पिवळीधमक निघत. केळ्याला ऊब लागते, आणि थंडीत ती आपोआप कुठून यायची?

त्याची रीत तशी साधीच. केळ्यांच्या अंगच्या कडा बोथट होऊन ती गरगरीत भरली की घड उतरवायचा. फण्या सोडवून चीक निथळू द्यायचा. खड्ड्यात केळीची वाळकी पाने अंथरून फण्या रचायच्या आणि मधोमध एक पिकलेले केळे ठेवायचे. मग तोंड मातीने लिंपून बाजूच्या भोकातून गोवरीची धग द्यायची. पिकल्या फळाच्या वासानेच कच्ची फळे पिकू लागतात, म्हणून तो वास आत कोंडलेला राहायला हवा. तीन दिवस झाकण उघडायचे नाही, एवढाच काय तो नियम.

त्या वर्षी राजकन्या मंजिका महिनाभर तापाने निजून होती. ताप उतरला, पण पोटात काही ठरेना. राजवैद्य म्हणाला, "आता हिला पुरतं पिकलेलं केळं कुस्करून द्यावं. ते हलकं असतं आणि लवकर बळ देतं. कच्चं मात्र नको. त्यातल्या पिठाची अजून साखर झालेली नसते, पोटात ते दगडासारखं बसतं." राजाने निरोप धाडला आणि धनिलने अढी घातली.

त्याच्या शेजारी खेमला नावाची बाई राहत असे. मनाने अगदी चांगली, पण गल्लीत कुणाच्या चुलीवर काय शिजते हे कळल्याशिवाय तिला स्वतःचा घास गोड लागत नसे. राजाघरची केळी शेजारी पिकताहेत आणि आपण ती पाहिली नाहीत, हे तिला कसे सोसावे? दुसऱ्या दिवशी धनिल गोवऱ्या आणायला गेला, तशी तिने लिंपलेले तोंड उकरून आत हात घातला. हाताला ते पिकलेले केळे लागले. 'हे सडेल आणि बाकीची नासवील,' असे म्हणून तिने ते बाहेर काढले. काढलेच आहे तर टाकायचे कशाला, म्हणून खाल्ले. मग माती पुन्हा थापून ती घरी गेली.

चौथ्या दिवशी सकाळी राजा स्वतःच राजवैद्याला घेऊन आला. अढी उघडली तो केळी हिरवीगार आणि टणक. तोंडाच्या मातीत पाच बोटांचे ठसे होते आणि त्यांच्या मागे बांगडीची गोल खूण. धनिलने ती पाहिली. खेमला कुंपणापाशी उभी होती, हात पदराखाली.

"मी म्हणतच होते भावोजी, गोवऱ्या ओल्या दिसताहेत!" ती म्हणाली. पण आवाज रोजचा नव्हता.

राजा म्हणाला, "कुणीतरी अढी उघडली आहे. नाव सांगितलंस तर एक गाव इनाम देईन. नाही सांगितलंस तर हा खड्डा बुजवीन आणि तुला नगर सोडावं लागेल."

बोधिसत्त्व खोटे बोलत नसे. तो म्हणाला, "महाराज, अढी माझी, तेव्हा जाब मी देणार. नाव सांगणार नाही. आणखी तीन दिवस द्या. केळी पिकली नाहीत तर खड्डा बुजवा, मी जाईन."

वैद्य म्हणाला, "तीन दिवस पेजेवर निघतील. त्यावर फार तर एखाद-दुसरा." राजा परतला.

धनिल कुंपणापाशी आला. "वहिनी, पिकलं केळं आता नगरात उरलं नाही. तुमच्या माळ्यावरची चार पिकली कवठं द्या."

"ती चटणीला ठेवलीत. तुम्हाला कसं कळलं?"

"वास येतो. त्याच वासाने केळीही पिकतील. आणि अजून एक काम आहे. तीन दिवस अढीच्या तोंडाशी राखणीला बसा. तुमच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही."

"मला बसवता? मला?"

"तुम्हालाच."

खेमला माळ्यावर चढली. कवठे आणून दिली आणि धनिलने ती आत ठेवून तोंड लिंपताच चटई टाकून बसली. तिने जेवणसुद्धा तिथेच मागवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साधे उपरणे पांघरून एक माणूस आला आणि वाकून तोंडाची माती खरवडू लागला.

"ए, हात काढ!"

"बाई, मी राजा आहे. लेक माझी आजारी आहे. जरा बघू दे."

"असाल राजे. मीही 'जरा'च बघितलं होतं." तिने चटई अढीच्या तोंडावर ओढली. "अढी मी उघडली, महाराज. आतलं पिकलेलं केळं मीच खाल्लं. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण परवा. आज झाकण उघडायचं नाही."

राजाने आपल्या बोटांकडे पाहिले. नखांत ओली माती भरली होती. ती झटकून तो निघून गेला.

तीन दिवस भरल्यावर अढी उघडली. केळी पिवळी झाली होती, फक्त देठाशी हिरवी छटा. वैद्याने अंगावर तपकिरी ठिपके येईपर्यंत ती राहू दिली आणि मग एक कुस्करले. मंजिकेने अर्धे खाल्ले. ते पोटात ठरले. संध्याकाळी तिने उरलेले अर्धे मागून घेतले.

राजाने धनिलला विचारले, "नाव ठाऊक असून गावाचं इनाम का सोडलंस?"

"सांगितलं असतं महाराज, तर राखणीला कोण बसलं असतं?"

राजा हसला. त्याने कुणालाच शिक्षा केली नाही.

पुढे अनेक जन्मांनंतर विहाराच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणाऱ्या सुजंघा उपासिकेला घालवून द्यावे, असे काही भिक्षू म्हणू लागले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्यांना ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "त्या वेळचा उतावळा राजा म्हणजे ही तक्रार घेऊन आलेला भिक्षू वप्पिल. राजवैद्य म्हणजे आपल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा भिक्षू. खेमला म्हणजे सुजंघा, आणि ती आताही दारामागून ऐकते आहे. अढी घालणारा धनिल मीच होतो."

दारामागे बांगड्या वाजल्या. त्या दिवसापासून विहाराच्या दाराची राखण सुजंघेकडे आली.

फळ असो वा माणूस, आतून पिकेपर्यंत झाकण न उघडता थांबणे, ही क्षांती पारमिता, म्हणजे धीराची परिपूर्णता.