कावळ्याची तक्रार

माणसाने झाडांना कुंपणं घातली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका बोरीचा मालक वानर होता. फांदी वापरायची, तर तिच्याबद्दल रोज मूठभर बोरं त्याला द्यायची.

सुगरणीने एकाच फांदीला खोल्याखोल्यांचं घरटं टांगलं आणि शेजारच्या कावळ्याच्या पोटात दुखू लागलं. पिल्लांना चारा भरवतानाही त्याचा डोळा तिकडेच. शेवटी तो वानराकडे गेला.

"वानरदादा, खोल्या एवढ्या आणि भाडं एकाच फांदीचं?"

वानराने येऊन पाहिलं. "टांगलंय एकाच फांदीला. तिचं बरोबर आहे. तू रे कुठं बसतोस?"

"मला कोण अडवतंय? वाटेल त्या फांदीवर बसतो," कावळा ऐटीत म्हणाला.

"मग सगळ्या फांद्यांचं भाडं टाक."

तेव्हापासून कावळा दिवसभर वानरासाठी बोरं वेचतो. घरी पिल्लं चोची वासून बसलेली, आणि याची नजर अजून त्या घरट्यावरच.