गरुडाच्या नावानं चांगभलं

एका उंच डोंगराच्या अलीकडे, बांबूच्या रानात, एक हरिणी आपल्या पाडसासोबत राहत असे. पाडसाचे पाय लांब, अक्कल अजून आखूड, पण पळण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलांनो, या गोष्टीत कोल्हाही आहे. शाळेच्या पुस्तकात शेवटी त्याची फजिती होते. इथे होत नाही. आधीच सांगून ठेवतो.

त्या जंगलात पहाऱ्याची एक पद्धत होती. सर्वांत उंच झाडावर एक म्हातारा वानर बसे. त्याने "हूऽऽप" अशी लांब हाक दिली, की संकट आकाशातून येतंय असं समजायचं आणि बांबूच्या दाटीत शिरायचं. त्याने "खक्! खक्!" अशी तुटक हाक दिली, की संकट जमिनीवरून येतंय असं समजायचं आणि बांबूतून बाहेर पडून मोकळ्या माळावर पळत सुटायचं. कारण दाटीत रानकुत्र्यांनी गाठलं, तर हरणाला पाय असून नसल्यासारखेच. एका हाकेला जे करायचं, त्याच्या बरोबर उलट दुसरीला. म्हणून पहारेकऱ्याने हाक बदलायची नाही, हा नियम होता. बाकीचे नियम सगळे सोयीने मोडत, हा मात्र पाळत.

बांबूच्या मागच्या बाजूला करवंदीची काटेरी जाळी भिंतीसारखी वाढली होती. तिच्या पलीकडे रानकुत्र्यांचा मुलूख. गेल्या वणव्यात ती जाळी एका ठिकाणी जळाली आणि भलंमोठं भगदाड पडलं. तेव्हा जंगलाचा नायक कोल्हा होता. "पावसाआधी बुजवून टाकतो," तो म्हणाला. पाऊस आला आणि गेला. भगदाडातून रानकुत्रे आले आणि एक भेकर घेऊन गेले. मग रानडुकराचं एक पिल्लू घेऊन गेले. मग लोक कुजबुजायला लागले. नायकाच्या निवडीचा दिवस जवळ आला होता.

तेव्हा कोल्ह्याला गरुड आठवला.

डोंगरापलीकडे एक प्रचंड गरुड राहत होता. तो काही संत नव्हता. कधी काळी तळ्याकाठचे ससे त्याने उचलून नेले होते आणि म्हाताऱ्या सशांच्या अंगावर त्याच्या आठवणीने अजून काटा येई. हे खरंच होतं. खोटं बोलणाऱ्याला असा एखादा खरा तुकडा लागतोच, नुसत्या खोट्यावर सभा भरत नाही.

कोल्ह्याने तळ्याकाठी सभा घेतली. "भावांनो आणि बहिणींनो, आपल्या लेकरांच्या रक्ताला कोण चटावलंय?" त्याने पंजा आकाशाकडे केला. "तो! पलीकडे बसून आपल्यावर डोळा ठेवणारा! पाणी आटलं कोणामुळे? मोह कमी फुलला कोणामुळे? वर बघा, वर!"

सगळ्यांनी वर बघितलं. आकाश रिकामं होतं. पण इतक्या सगळ्यांनी एकदम वर बघितलं, की तिथे काहीतरी असणारच असं सगळ्यांना वाटायला लागलं.

हरिणी पुढे आली. "नायक, गरुडाचं राहू द्या जरा. त्या भगदाडाचं काय झालं? माझं पाडस तिथेच जवळ झोपतं."

"ताई," कोल्हा एकदम हळवा झाला, "तुम्ही आई आहात, तुमची काळजी मला कळते. पण वणवा लागला कसा, हा विचार केलात? त्याच्या पंखांच्या वाऱ्याने ठिणगी उडाली! भगदाड त्याने पाडलंय. आधी त्याचा बंदोबस्त, मग भगदाड."

"अगदी बरोबर!" म्हातारा सांबर मान डोलवत म्हणाला. शिंगं सर्वांत मोठी म्हणून त्याला सगळे काका म्हणत आणि त्याने काही न सांगताही त्याचं ऐकत. "पोरी, मोठ्या गोष्टी चालल्यात इथे. तू तुझं भोक घेऊन बसलीस."

साळिंदर कोपऱ्यातून उठलं. ते या खेपेला नायकपदाला उभं होतं. बोलायला अगदीच कंटाळवाणं. "मी भगदाड बुजवीन," ते म्हणालं. "डुकरांनी फांद्या ओढायच्या, आम्ही रचायच्या. जमेल."

"आणि गरुडाबद्दल तुझं काय म्हणणं आहे?" कोणीतरी ओरडलं.

"गरुडाबद्दल मला काही करता येणार नाही. भगदाडाबद्दल येईल."

"मग बस खाली!" सगळे हसले. "घाबरट मेला! अंगभर काटे आणि छातीत हवा!"

फांदीवर एक कावळा बसला होता. त्याला राहवलं नाही. "अहो नायक, परवा मी डोंगरापलीकडे गेलो होतो. तुमचे चिरंजीव गरुडाच्या झाडाखालीच राहतात की! त्याचं उरलंसुरलं खाऊन चांगले गुटगुटीत झालेत."

सगळ्यांच्या माना कोल्ह्याकडे वळल्या. पण कोल्हा असा गडबडणाऱ्यातला नव्हता. "शत्रूच्या गोटात स्वतःचं पोर पाठवलंय मी, पोटचं पोर! त्याच्यावर नजर ठेवायला! आहे तुमच्यात कोणाची एवढी छाती?" म्हाताऱ्या सशांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तू रे," तो कावळ्याकडे वळला, "तुलाही पंख आहेत, त्यालाही पंख आहेत. कोण कोणाचा, ते दिसतंच आहे."

कावळ्यावर खडे पडले. तो उडाला तो थेट डोंगरापलीकडे गेला आणि त्याने गरुडालाच विचारलं, "आमच्या जंगलाशी तुमचं काय वैर आहे?"

गरुडाने पिसं साफ करता करता एक डोळा उघडला. "कुठलं जंगल?" मग त्याला काहीतरी आठवलं. "हां, ते तळ्याचं. ससे बरे असायचे तिथले." आणि त्याने डोळा मिटला.

इकडे कोल्ह्याने नवीनच काम काढलं होतं. रोज सकाळी लहानग्यांचा सराव. वानराने "हूऽऽप" म्हणायचं आणि सगळ्या पिल्लांनी बांबूत पळायचं. जो पहिला पोचेल, त्याची पाठ सांबरकाका स्वतः थोपटणार. "खक् खक्" चा सराव बंद झाला. हरिणीने वानराला गाठून विचारलं, "आजोबा, जमिनीची हाक पोरांना कधी शिकवणार?"

वानर तेव्हा उंबरं खात होता. तळ्याकाठचा तो उंबर पूर्वी सगळ्यांचा होता. हल्ली तो पहारेकऱ्यासाठी राखून ठेवला होता. "बघू गं पुढे," तो तोंड भरून म्हणाला. "वातावरण बघतेस ना? आता जमिनीकडे बघायला लावलं, तर नायक म्हणतील मी पोरांचं लक्ष विचलित करतोय."

"पण तुम्हाला तर माहीत आहे..."

"मला सगळं माहीत आहे," वानर चिडला. "माझं वय झालंय. या वयात झाड बदलायला लावू नकोस मला."

आता हरिणीचंही सांगतो. तिलाही एक गोष्ट आवडत होती. सरावात तिचं पाडस रोज पहिलं यायचं. "शाब्बास! हे खरं जंगलाचं लेकरू!" असं सांबरकाका सगळ्यांसमोर म्हणायचे, तेव्हा तिची मान आपोआप वर व्हायची. पाडस घरी येऊन म्हणायचं, "आई, वर बघून बघून मान दुखते गं." ती चाटून त्याची मान मऊ करायची आणि म्हणायची, "उद्या लवकर झोपू." त्याला तिने एकदोनदा "खक् खक्" ही म्हणून दाखवलं. पाडस हसलं. "आई, तुला वानरासारखं येत नाही." तिने सोडून दिलं.

निवडीचा दिवस उजाडला. रीत अशी, की उमेदवारांनी माळावर उभं राहायचं आणि ज्याला जो हवा त्याने त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. कोल्ह्याचं भाषण चाललं होतं. सगळ्यांच्या माना वर. हरिणी कडेला उभी होती, पाडस तिच्या पोटाशी. तेवढ्यात वारा फिरला आणि तिच्या नाकात एक वास शिरला. तिने मान खाली केली. गवत हलत होतं. माळाच्या नाही, बांबूच्या बाजूचं. रानकुत्रे भगदाडातून आत आले होते.

झाडावरून वानरालाही ते दिसले. त्याने तोंड उघडलं. "ख..."

कोल्ह्याने भाषण न थांबवता नुसतं वर पाहिलं. जमिनीची हाक गेली असती, तर साऱ्या जंगलाने खाली बघितलं असतं, आणि खाली भगदाड होतं. हे कोल्ह्याला कळत होतं. वानरालाही कळत होतं. दोघांची नजरानजर झाली, इतकंच.

"हूऽऽप!" वानर ओरडला. "हूऽऽप! हूऽऽप!"

"आला! गरुड आला!" कोल्हा किंचाळला. "बांबूत! सगळे बांबूत!"

"थांब!" हरिणी ओरडली. "थांब रे राजा, तिकडे नको!" पण ती 'थां' म्हणेपर्यंत पाडस पोटाखालून निसटलं होतं. रोजच्यासारखं. सगळ्यांच्या पुढे. शिकवलं होतं तसं अगदी सरळ रेषेत, मान वर करून. ते सर्वांत आधी पोचलं.

मागून धावणाऱ्यांनी आतला आवाज ऐकला आणि ते जागीच थबकले. रानकुत्र्यांना एक पुरेसं होतं. थोड्या वेळाने ते आले तसे निघून गेले.

हरिणी तिथे उभी राहिली. सांबरकाका तिच्याजवळ आले. त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. "गरुडाने नेलं गं बाई तुझं लेकरू."

"काका," ती म्हणाली, "खाली बघा. हे पायाचे ठसे बघा. गरुड चालत आला का?"

सांबरकाकांनी खाली बघितलं नाही. "ठसे बघायची ही वेळ नाही पोरी," ते म्हणाले.

कोल्हा पुढे आला. रडत होता. त्याला रडता छान यायचं. "कुत्रे कोणी पाठवले? बोला! एरवी चोरून एकेक नेणारे कुत्रे आज भरसभेत, निवडीच्या दिवशीच आले? हा डोंगरापलीकडचा डाव आहे! या लेकराने जंगलासाठी जीव दिला. ताई, या, माझ्या बाजूला उभ्या राहा. सगळ्यांना तुमचं तोंड दिसू द्या."

"त्याने कशासाठीही जीव दिला नाही," हरिणी म्हणाली. "तो पहिला यायला धावला. आणि वानरआजोबांनी कुत्रे बघितले होते. विचारा त्यांना! विचारा ना!"

सगळ्यांनी वानराकडे पाहिलं. वानराने हातातलं उंबर उलटसुलट केलं. "उन्हात नीट दिसत नाही हल्ली," तो म्हणाला.

"दुःखाने भ्रमिष्ट झाली बिचारी," कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, आणि सगळ्यांना बरं वाटलं. मग ते माळावर परतून आपापल्या उमेदवारामागे उभे राहिले. म्हातारे ससे, सांबर, ज्यांचं पिल्लू गेलं होतं ती रानडुकरंसुद्धा, सगळी कोल्ह्याच्या मागे. साळिंदराच्या मागे हरिणी एकटी होती.

दुसऱ्या दिवशी तिने साळिंदराला बरोबर घेतलं आणि करवंदीची एक वाळकी फांदी तोंडात धरून ती ओढत भगदाडाशी आली. तिथे म्हाताऱ्यांची रांग उभी होती. भगदाडाच्या दोन्ही बाजूंना पळसाची फुलं वाहिलेली होती. कोल्ह्याने सकाळीच जाहीर केलं होतं, की आजपासून ही जागा पवित्र. आज, आणि पुढे दर वर्षी निवडीच्या आधी, लहानग्यांना इथे आणायचं, वर बघायला लावायचं आणि गरुडाविरुद्ध शपथ द्यायची.

"काटे टाकतेस?" सांबरकाका तिच्या आडवे आले. "जिथे आपलं लेकरू गेलं, तिथे काटे टाकतेस? लाज वाटत नाही?"

तिने फांदी खाली ठेवली. तिच्या ओठांतून रक्त येत होतं. "तो माझा होता," ती म्हणाली.

"होता," सांबरकाका म्हणाले. "आता तो जंगलाचा आहे."

त्यांच्या मागे पाडसांची नवी तुकडी शपथेसाठी रांगेत उभी होती, भगदाडाकडे पाठ करून, माना वर करून. साळिंदराने दोनदा आत शिरायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याला ढकलून बाहेर काढण्यात आलं.

तात्पर्य : लांबच्या शत्रूच्या नावाने जो तुमची मान वर करायला लावतो, त्याला आधी तुमच्या पायाजवळच्या भगदाडाबद्दल विचारा, शत्रू खरा असला तरी विचारा, आणि घरातले मोठे विचारू देत नसतील, तर त्यांना न जुमानता विचारा, कारण त्यांचं आयुष्य जगून झालेलं आहे आणि पळायचं तुम्हाला आहे.