धीटपणाचे गुण

देशभराच्या नमुना चाचणीसाठी नेमकी मोहटोलीच्याच शाळेची चिठ्ठी निघाली आणि भोयर गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. ही चाचणी वाचनाची नव्हती, गणिताचीही नव्हती. मुलांच्या अंगी धीटपणा किती, हे तपासणीला येणारे साहेब स्वतः विचारून मोजणार होते. गुण कमी पडले तर शाळाच बंद होणार, अशी आवई गावात उठली होती. मग काय, गुरुजींनी सहावीच्या वर्गाकडून रोज घोकून घेतलं, "घाबरता का?" "नाही, गुरुजी!"

साहेब आले. हातात छडी नव्हती, पण नजर छडीसारखीच होती.

"मला कोण कोण घाबरतं? हात वर करा!" साहेब गरजले. "आणि हात वर करणाऱ्याला शून्य."

सगळा वर्ग दगडासारखा बसून राहिला. पुढच्या बाकावरच्या सुगंधाने मात्र हात वर केला. साहेबांच्या मागे उभ्या गुरुजींनी डोळेच मिटले.

"वा! धीटपणात शून्य," साहेब हसले.

"द्या, साहेब." सुगंधाचा आवाज कापत होता. "पण भीती सगळ्यांनाच वाटतेय. बाकीचे ते सांगायलाही भ्याले. मी तुमच्या तोंडावर सांगितलं. मग धीट कोण?"

साहेबांचं पेन हवेतच थांबलं. त्यांनी मागे वळून दरडावलं, "गुरुजी, हे तुम्ही शिकवलंत?"

गुरुजींनी हळूच आपलाही हात वर केला.