सौदामिनी राणीने थांबवलेले तीन खर्च

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि राक्षस कर घेत, सौदामिनी नावाची तरुण राणी गादीवर बसली. पहिल्याच सकाळी तिने खजिना उघडवला, तो मोहरांच्या राशीत वाळलेली पाने! दुसऱ्या दिवशी पाने वाढली, तिसऱ्या दिवशी आणखी. महिनाभरात वैद्यांच्या औषधांना पैसा उरेना.

राणीने मांत्रिक कालदंताला बोलावणे धाडले. तो आला नाही. त्याचा भारद्वाज पक्षी आला आणि सिंहासनाच्या हातावर बसला.

"राणीसाहेब, शाप माझ्या धन्याचाच. तुमच्या आजोबांनी पतंगांना मोहरा बांधून उडवल्या, आणि उपाशी गावाचे गाऱ्हाणे घेऊन आलेला माझा धनी दारातच उभा राहिला."

"उतारा?"

"कुणाच्याही उपयोगाचे नाहीत असे तीन खर्च शोधून थांबवा. मात्र कुणाच्या ताटातला घास हलला, तर उरल्या मोहरांचीही पाने होतील."

वृद्ध कारभारी नागोजीपंत म्हणाले, "वैद्य निम्मे करू. काम झटपट होईल."

"घास हलेल, पंत. घोडे जुंपा."

पश्चिमेला सात मजली दीपस्तंभ होता. रोज शंभर घागरी तेल जाळी. राणी वर चढली आणि पाहते तर खाली बाभळी. समुद्र पणजोबांच्या काळीच तीन कोस मागे सरला होता.

"मग दिवा कशाला लावता?" तिने दिवा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काशाला विचारले.

"लावायचा हुकूम होता, बाईसाहेब. विझवायचा कुणी दिला नाही."

राणीने दिवा विझवला. काशाला नव्या किनाऱ्यावर लहानसा दिवा दिला, पगार तोच ठेवला. म्हाताऱ्याने जन्मात पहिल्यांदा गलबत पाहिले आणि तो लहान मुलासारखा नाचला.

उत्तरेच्या गुहेत राक्षस राही. त्याला रोज चाळीस गाड्या भात जाई. गाडीवान तो दारात ओतून पळत सुटत. राणी आत गेली. राक्षस भिंतीला टेकून बसला होता, तोंडात एकही दात नव्हता.

"साठ वर्षे पेजेवर आहे," तो पुटपुटला. "बाकीचा भात दरीत लोटतो. सांगायची लाज वाटे."

"किती लागते?"

"वाडगाभर. आणि कुणी घटकाभर बसायला आले तर बरे."

दुसऱ्या दिवसापासून एकच गाडीवान पेज घेऊन जाऊ लागला आणि गप्पा मारीत बसू लागला. उरलेल्या गाड्या भात घेऊन दुष्काळी गावांकडे वळल्या.

तिसरा खर्च मात्र सापडेना. राणीने मुदपाकखाना धुंडाळला, पागा धुंडाळली.

"तुला ठाऊक आहे," शेवटी ती भारद्वाजाला म्हणाली.

पक्षी खिडकीबाहेर पाहू लागला. तिथे तिच्या वडिलांचा स्मृतिमनोरा चढत होता, सोन्याने मढवलेला, दर वर्षी एक मजला. राणीचा चेहरा उतरला. घोड्यावर बसायला तिला त्यांनीच शिकवले होते. ती खाली उतरली, गार दगडाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "थांबवा."

मुख्य पाथरवट विश्राम पुढे झाला. "तीनशे माणसे आहोत, राणीसाहेब. आम्ही खायचे काय?"

"तुमच्या मजुरीला हात लागणार नाही. पूर्वेच्या खोऱ्यात बायका दोन कोसांवरून पाणी आणतात. तिथे धरण बांधा."

"आणि सोने?"

"पाण्याला सोने लागत नाही."

त्याच क्षणी खजिन्यातून खणखणाट उठला. पानांच्या मोहरा झाल्या होत्या. भारद्वाज उडाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. त्या वर्षी वैद्यांना औषधे मिळाली, आणि राज्याची घडी नीट बसली.

दोन वर्षांनी धरण भरले. विश्राम छिन्नी घेऊन राणीपुढे आला. "कुणाचे नाव कोरू?"

"अक्षराला काय पडते?"

"दोन मोहरा."

राणी हसली. "मग कोरा राहू दे दगड. त्यावर बायकांना धुणे आपटता येईल."