पेन्सिलीने लिहिलेली चूक

गिरण्या बंद पडलेल्या एका शहरात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. कामगारवस्तीतल्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर घरोघर फिरून गिरण्यांची जुनी छायाचित्रे, ओळखपत्रे, विणकामाच्या मागावरचे मोडके धोटे गोळा केले. नगरपालिकेने त्यासाठी त्यांना एक खोली दिली होती. मांडणीचे काम त्यांच्या एका शिष्याकडे होते. हा शिष्य विद्यापीठात इतिहास शिकलेला, हुशार, आणि आपल्याला सगळे कळते अशा समजुतीत सुखी होता.

खोलीकडे मात्र कुणी फिरकेना. शेवटी पालिकेचे पत्र आले. सोमवारी अधिकारी पाहणीला येतील, लोकांना उपयोग होत नसल्यास खोली परत घेतली जाईल. तसे झाले असते तर सारा संग्रह रद्दीत गेला असता. 

शिष्याने घाईने प्रत्येक छायाचित्राखाली माहिती लिहायला घेतली. गुरुजींनी एकच अट घातली, "शाईने नको, पेन्सिलीने लिही." एका चित्रात एक विणकर धोटा ओठांना लावून उभा होता. शिष्याने लिहिले, 'कामाआधी धोट्याचे भक्तिभावाने चुंबन घेणारा विणकर.' गुरुजी ते वाचून गालातल्या गालात हसले. मग त्यांनी नेमके तेच चित्र उचलून बाहेर ओट्यावर, चहाच्या टपरीसमोर टांगले आणि शेजारी दोऱ्याने एक पेन्सिल बांधली.

दुसऱ्याच दिवशी टपरीवरचा एक म्हातारा तरातरा आला. "मास्तर, कोणत्या शहाण्यानं लिहिलंय हे? चुंबन? धोट्याचं?"

"मग काय करतोय तो?" गुरुजींनी विचारले.

"सूत ओढतोय! सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आन् श्वासानं सूत बाहेर काढायचं. सगळा कापूस छातीत. माझा भाऊ त्याच खोकल्यानं गेला."

शिष्याचे कान लाल झाले. तो खोडरबर घेऊन धावला, तर गुरुजींनी त्याचा हात धरला. "राहू दे."

"गुरुजी, परवा अधिकारी येणार! हसं होईल आपलं, खोली जाईल!"

"राहू दे म्हटलं ना." आणि म्हाताऱ्याकडे वळून ते म्हणाले, "पेन्सिल तिथं आहे. तुम्हीच लिहा."

शिष्याने ते दोन दिवस जीव मुठीत धरून काढले.

सोमवारी अधिकारी आले तेव्हा त्यांना ओट्यावर चढायला जागा मिळेना. वीसएक म्हातारी माणसे हमरीतुमरीवर आली होती. हा माग कोणत्या गिरणीतला, ही पाळी कोणती, यावर वाद पेटला होता. चित्राभोवतीची भिंत पेन्सिलीच्या अक्षरांनी भरली होती. इतक्यात एक वृद्धा पुढे झाली आणि तिने चित्राच्या काचेवर तळहात ठेवला. "हे आमचे वडील. नरसय्या. घरात त्यांचा एक फोटो नव्हता हो." 

अधिकाऱ्यांनी भिंतीवरची अक्षरे वाचली. मग म्हणाले, "गुरुजी, पावसाळ्याआधी या ओट्यावर पत्रा टाकून घ्या. मी मंजुरी देतो."  कित्येक दिवसांनी शिष्याला मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी त्याने विचारले, "चूक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळली होती ना? मग मला सांगितली का नाही?"

"सांगितली असती तर तू बरोबर लिहिलं असतंस, आणि लोक वाचून चहाला गेले असते," गुरुजी म्हणाले. "बाळा, या माणसांना आजवर कुणी काही विचारलंच नाही. इतिहास म्हणजे शिकलेल्यांचं काम, असं ती समजून चालली होती. तुझी चूक पाहून त्यांना कळलं की आपल्याला ठाऊक आहे ते शिकलेल्यालाही ठाऊक नाही. आणि मला तरी काय ठाऊक होतं? सूत ओढतात एवढंच. नरसय्या मला कुठे माहीत होता? शाईने लिहिलं असतंस, तर त्यावर हात चालवायचा धीर कुणाला झाला नसता."

शिष्याने स्वतःची ओळ खोडली नाही. तिच्याखाली त्याने नरसय्याचे नाव लिहिले, सांगणाऱ्या लेकीचे नाव लिहिले. मग आतून दुसरे चित्र आणले, त्याखाली पेन्सिलीने फक्त 'हे कोण?' असे लिहिले आणि ते ओट्यावर टांगून तो टपरीवरच्या मंडळींची वाट पाहत बसला.