मुळीला दिलेलं आवतण

सह्याद्रीच्या पायथ्याशी सावरखिंड नावाचं गाव आहे. त्या गावाच्या ओढ्याकाठी, उंबराच्या झाडाखाली, निवांतनाथ महाराज एकदा चातुर्मासासाठी राहिले होते. महाराज फार बोलत नसत, आणि बोलले तर ऐकणाऱ्याला बऱ्याचदा उमगत नसे. पण त्यांच्या पायांशी बसलं की जीव थाऱ्यावर येई, हे मात्र सगळ्यांनाच कळत होतं.

तिथे रोज येणाऱ्यांत ठाकरवाडीचा चिमा भगत होता. साधा, भोळा, अंगावर एक घोंगडं. ताईत बांधण्याची विद्या त्याला बापाकडून मिळाली होती. ताईत म्हटला की लोकांना तांब्याची पेटी आणि काळा दोरा दिसतो, पण खरं काम त्याच्या आधीचं असतं. डोंगरात एक वेल आहे. तिचं नाव भगत कोणाला सांगत नाहीत, तेव्हा मीही सांगणार नाही. तिची मुळी उपटून आणायची नसते, तिला बोलवायचं असतं. शनिवारी सांजेला वेलीपुढे हळदीचे तांदूळ ठेवायचे, खोडाला कच्चं सूत गुंडाळायचं आणि हात जोडून म्हणायचं, "उद्या माझ्या घरी या." मग रविवारी उन्हं पडायच्या आत जाऊन तिला घेऊन यायचं. ज्या वेलीला आवतण दिलं तीच आणायची, दुसरी चालत नाही.

त्या आठवड्यात चिमाची एकुलती एक लेक ठकू तापाने फणफणली होती. चार दिवस झाले, पोरीने डोळे धड उघडले नव्हते. शनिवारी सांजेला चिमा आवतण द्यायला डोंगरात गेला, तेव्हा त्याला भिवराव पाटील भेटले. तो उतार पाटलांच्याच मालकीचा. हात जोडून वेलीशी बोलणारा चिमा बघून पाटील पोट धरून हसले.

"अरे चिमा, नुसतं तोंडी आवतण? वाजंत्री लाव, मांडव घाल! पाव्हण्याला मानपान काय करणार?"

"पाटील, पोर लई आजारी हाय," चिमा एवढंच म्हणाला.

रविवारी पहाटे तो गेला, तर वेलीच्या जागी खड्डा! पाटलांनी गड्यांकडून रातोरात उतार साफ करून घेतला होता आणि स्वतः उपटलेल्या झाडोऱ्याच्या जाळाशी शेकत उभे होते. "गेला बघ तुझा पाव्हणा," त्यांनी जाळाकडे बोट दाखवलं. "पुढल्या शनिवारी दुसरा बोलाव." पुढल्या शनिवारपर्यंत ठकू राहील की नाही, हे चिमा कोणत्या तोंडाने सांगणार? तो तसाच ओढ्याकडे धावला.

महाराजांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आवतण नीट दिलंस ना? घर कुठलं ते सांगितलंस?"

"सांगितलं, महाराज. चिंचेखालचं घर म्हणलो."

"मग येईल पाहुणा. जा, घर सारव, पाट मांड, पाय धुवायला पाणी ठेव."

चिमा गोंधळला. मुळीला पाय कुठले? आणि जळून राख झालेली मुळी येणार कशी? "महाराज, दुसऱ्या येलीला इचारू का?" त्याने चाचरत म्हटलं. महाराज म्हणाले, "एकाला बोलावून दुसऱ्याची वाट बघतोस होय रे?" आणि त्यांनी डोळे मिटले.

घरी येऊन चिमा मुकाट्याने सारवू लागला. बायको बुधी पोरीच्या उशाशी बसली होती. तिचा जीव नुसता कासावीस झाला होता.

"पोर अशी पडलीया आन् तुमी सारवताय? कोन यायचंय?"

"मला ठावं न्हाई."

"मग पाट कुनासाठी?"

"त्येबी ठावं न्हाई," चिमा म्हणाला, आणि त्याला रडूच आलं. महाराजांवर विश्वास होता, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. त्याने तांब्याची रिकामी पेटी घासली, सात पदरी दोरा वळला, पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवला आणि तो बसून राहिला.

दुपारी अंगणात पाटील दिसले. पागोटं वाकडं, तोंडाला कोरड पडलेली. ते मागे वळून वळून कोणाला तरी आत बोलावत होते. "या बाबा, या. हेच चिंचेखालचं घर. संबाळून, दार ठेंगणं हाय."

चिमाने त्यांच्या मागे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. पाटलांना ऊन लागलं की काय?

"पाटील, कुनाला आनलंत?"

"मला काय इचारतोस? तुझाच पाव्हणा!" पाटील रडकुंडीला आले होते. "काळा म्हातारा, कपाळाला हळदीचं तांदूळ, मनगटाला सूत. सकाळधरनं माझ्या ओसरीवर बसलाय. घरात कुणालाच दिसंना. जेवत न्हाई, उठत न्हाई. एकच म्हणतोय, मला चिमाकडं आवतण हाय, माझी वाट तू मोडलीस, आता तूच पोचव."

तेवढ्यात उंबऱ्याशी पाणी सांडल्याचा आवाज झाला. तांब्या रिता होता आणि सारवलेल्या भुईवर ओली माती पसरली होती. पाटील मागे वळले, त्यांनाही आता कोणी दिसेना. पाटावर मुळी होती. तीच! जाळाचा डाग नाही, सूत तसंच, हळदीचे तांदूळ चिकटलेले. काय ही महाराजांची करणी!

चिमाने हात जोडले. बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला, पेटीत घातला, मेणाने तोंड बंद केलं, उदाचा धूर दाखवला आणि ताईत ठकूच्या गळ्यात बांधला. "बुधे, ह्यो भुईला टेकवू नगो. दर अमुशाला ऊद दाव. दोरा झिजला की वाहत्या पान्यात सोड. पाव्हणा हाय त्यो, त्येला ताटकळत ठेवायचं न्हाई." दिवस कलायच्या आत ठकूला घाम फुटला आणि तिने भाकर मागितली. बुधीने पोरीला उराशी घट्ट धरलं.

उरलेली मुळी घेऊन चिमा आणि पाटील महाराजांकडे गेले. पाटलांनी पायांवर डोकं ठेवायला वाकताच महाराजांनी पाय मागे घेतले.

"मला कुठे जाळलंस तू? ज्याचं घर मोडलंस, त्याच्यापुढे वाक."

"महाराज, त्यो आला त्यो कोन?" चिमाने विचारलं.

"तू बोलावलास तो," महाराज म्हणाले. चिमाला तेव्हाही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून कळलेलं नाही.

पाटील उतारावर गेले. स्वतःच्या हाताने खड्डा उकरून त्यांनी उरलेली मुळी लावली, ओंजळीने माती लोटली. मग सदऱ्याच्या खिशातून हळदीचे तांदूळ काढले. कोणी बघत तर नाही ना, म्हणून त्यांनी एकदा मागे पाहिलं. चिमा उभा होता. तरीही भिवराव पाटलांनी गुडघे टेकले, कपाळ मातीला लावलं आणि हात जोडून म्हणाले, "बाबा, चुकलो. ह्ये घर तुमचंच हाय. परत या."