दोर आणि कनात

एकदा एका तरुण कोतवालाने दोराला कनात बांधली आणि त्या कनातीमागे एक माणूस मेला. गोष्ट खरे तर एवढीच आहे. पण ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

त्या नगरीत एक जुना रिवाज होता. कुठे खून, चोरी, आग असे काही घडले की कोतवालीचे शिपाई त्या जागेभोवती दोर ताणत. दोराच्या आत फक्त कोतवाल आणि त्याची माणसे. दोराच्या बाहेर कोणीही उभे राहावे, हवा तितका वेळ पाहावे. आधीच्या कोतवालाने चाळीस वर्षे हा रिवाज पाळला. आता तो थकून नदीकाठच्या धर्मशाळेत राहत होता आणि त्याच्या हाताखाली घडलेला शिष्य त्याच्या जागी आला होता. शिष्य हुशार होता, प्रामाणिक होता, कोणाकडून सुपारीचे खांडही घेत नसे. त्याला तिटकारा होता तो फक्त बघ्यांचा. आणि बघे असतातच तिटकारा यावा असे. एकजण शेंगा फोडत उभा असतो, दुसरा शिपायालाच तपास कसा करावा ते शिकवतो.

एके सकाळी धान्यपेठेतला एक व्यापारी आपल्याच दुकानात मारलेला सापडला. कोतवाल पोहोचण्याआधी चार माणसे आत जाऊन आली होती. कोणाचा तरी पाय रक्तात पडून त्याचे ठसे उंबऱ्यापर्यंत उमटले होते. कोतवालाचे डोके फिरले, आणि ते रास्तच होते. त्याने दोर ताणला आणि सर्वांना बाहेर काढले. तिथेच थांबला असता तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

समोरच्या ओट्यावर एक चितारी बसला होता. देवळांच्या भिंती रंगवणे हा त्याचा धंदा. पण नगरीत काही घडले की तो कोळसा आणि कागद घेऊन दोराबाहेर बसे आणि समोरचे दिसेल तसे रेखाटत असे. संध्याकाळी तो कागद पारावर लागे, म्हणजे ज्यांना येता आले नाही त्यांनाही दिसे. मागच्या महिन्यात त्याने भाल्याला टेकून पेंगणारा शिपाई काढला होता आणि सारी पेठ पोट धरून हसली होती. कोतवालाला ते हसू अजून बोचत होते.

"ऊठ इथून," कोतवाल म्हणाला. "कामात अडथळा येतो."

"दोराच्या बाहेर आहे, सरकार. कोळशानं कसला अडथळा?"

कोतवालाने त्याच्या हातातला कागद ओढला, चुरगाळला आणि गटारात टाकला. मग मांडववाल्याकडून लग्नाच्या कनाती मागवल्या आणि दोरावर चारही बाजूंनी सोडल्या.

हवालदार जुना होता, वृद्ध कोतवालाच्या काळातला. तो हळूच म्हणाला, "मोठे साहेब कनात लावत नसत."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, हवालदार. लोकांनी काय बघायचं ते आपण ठरवायचं."

दुकानात रात्री झोपणारा हमाल धरून आणला होता. त्याला कनातीच्या आत, दुकानाच्या पायऱ्यांवर हवालदाराच्या ताब्यात ठेवून कोतवाल आतल्या खोलीत खिडकीचे गज तपासायला गेला. थोड्या वेळाने बाहेरून आरडाओरडा झाला, मग काहीतरी आपटल्याचा आवाज. तो धावत आला तेव्हा हमाल दगडी पायऱ्यांच्या तळाशी पडला होता. डोके फुटले होते. हवालदार हात पुढे करून उभा होता.

"पडला तो, सरकार. पळायला गेला. मी धरायला गेलो."

बाकीचे दोघे शिपाई मागच्या दाराशी होते. त्यांनी काही पाहिले नव्हते. कनातीबाहेर दोनशे माणसे उभी होती. त्यांनीही काही पाहिले नव्हते.

आठव्या दिवशी खरा खुनी सापडला. तो व्यापाऱ्याचा सख्खा भाचा निघाला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे झाले, असे लोक उघड बोलू लागले. आणि सुळी कोणी दिली, याबद्दल पेठेत कोणाला शंका नव्हती. हमालाची विधवा रोज सकाळी कोतवालीच्या पायरीशी येऊन बसे. ती रडत नसे, शिव्या देत नसे. कोतवाल दिसला की एकच विचारी, "ते कसे मेले?"

कोतवालाला उत्तर माहीत नव्हते. त्याची झोप उडाली. शेवटी तो धर्मशाळेत गुरूकडे गेला.

"बाबा, लोक आम्हाला खुनी म्हणतात. हवालदारानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आहे. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"उद्या सकाळी त्याच जागी कनात लाव," वृद्ध म्हणाला. "त्या हमालाच्या बायकोलाही बोलाव. तू तिच्याजवळ बाहेर उभा राहा. आत मी जाईन आणि हवालदार येईल. दुसरं कोणी नको."

दुसऱ्या दिवशी तसेच केले. कनात पडली आणि तिच्या बाहेर कोतवाल प्रथमच बघ्यांमध्ये उभा राहिला. शेजारी ती बाई होती. आतून पावले ऐकू आली, काही अस्पष्ट बोलणे ऐकू आले. मग वृद्धाची किंकाळी आणि काहीतरी आपटल्याचा आवाज. कोतवालाने कनात फाडूनच काढली. वृद्ध पायऱ्यांच्या तळाशी पडला होता, भुवईतून रक्त येत होते. हवालदार हात पुढे करून उभा होता.

कोतवालाने त्याची मानगूट धरली. "हरामखोरा, म्हाताऱ्या माणसाला ढकललंस?"

"पडले ते, सरकार," हवालदार म्हणाला. "मी धरायला गेलो."

हे शब्द आपण आधी ऐकले आहेत, हे कोतवालाच्या ध्यानात आले. मानगुटीवरची त्याची पकड सैल झाली. हवालदार तिथेच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला.

वृद्धाने धोतराच्या सोग्याने रक्त टिपले. "मी पडलो की मला ढकललं, हे मी सांगणार नाही," तो म्हणाला. "काल तुझा पूर्ण विश्वास होता. तो कनात फाडेपर्यंतसुद्धा टिकला नाही. मग पेठेतल्या लोकांनी तो का ठेवावा? अरे, दोर पायांसाठी असतो. रक्तात पाय पडू नये, पुरावा तुडवला जाऊ नये, काम करणाऱ्याला धक्का लागू नये, म्हणून तो हवाच. गरज पडली तर दहा हात मागे बांध. पण डोळ्यांनी काही तुडवलं जात नाही. हा हवालदार खोटा असेल, तर तुझ्या कनातीनं त्याला वाचवलं. खरा असेल, तर तिनंच त्याला जन्माचा खुनी केलं. यातलं काय झालं ते आता ब्रह्मदेवालाच ठाऊक. आणि मी काही तुझ्याहून थोर नव्हतो. माझाही हात उठायचा. चाळीस वर्षांत दोनदा तरी तो वरच्या वर थांबला, कारण दोराबाहेरून कोणीतरी बघत होतं. त्या दोन माणसांचे जीव माझ्या पुण्याईनं वाचले नाहीत."

बाई पुढे आली. "मग यांचं काय झालं, ते कुणीच सांगणार नाही?"

"नाही, बाई," वृद्ध म्हणाला. "आता कुणालाच सांगता येणार नाही."

ती कोतवालाकडे वळली. "इतके दिवस तुम्ही हमाल, हमाल म्हणताय. त्यांना नाव होतं. मी ते घ्यायचं नाही. तुम्ही तरी घ्या."

कोतवालाला ते नाव ठाऊक नव्हते. त्याने खाली बसलेल्या हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने मान वर न करता सांगितले, "म्हादू."

"म्हादू कसा मेला हे मला माहीत नाही," कोतवाल म्हणाला. "माहीत होऊ शकलं असतं. ते मीच होऊ दिलं नाही."

तिने ते ऐकून घेतले. क्षमा वगैरे काही केली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती निघून गेली.

त्यानंतर कोतवालाने कनात कधी लावली नाही. दोन महिन्यांनी घाटावर एक प्रेत सापडले. शिपायांनी दोर ताणला. लोक येत, दुरूनच पाहत आणि मान खाली घालून पुढे जात. दोरापाशी कोणीच थांबेना. कोतवालाने चिताऱ्याकडे माणूस पाठवला. चितारी देवळात गरुडाचे पंख रंगवत होता. "साहेबांना सांगा, मला आता दिसत नाही," एवढेच तो म्हणाला आणि पंखातली बारीक रेघ न थरथरता पुरी केली.

कोतवाल मोकळ्या दोराजवळ उभा राहिला. कापडाची कनात काढायला त्याला एक सकाळ पुरली होती. लोकांच्या डोळ्यांवर पडलेली काढायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब त्याला लागेना. ज्या बघ्यांचा तिटकारा केला त्यांच्याच वाटेकडे तो आता डोळे लावून होता.

दुपारी घाटाच्या पायऱ्यांवरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरली. म्हादूच्या जागी आता तीच ओझी वाहत असे. तिने पाटी खाली ठेवली, दोराच्या बाहेर उभी राहिली आणि एका हाताने दोर धरला. एक शिपाई तिला हटकायला पुढे सरसावला. कोतवालाने त्याला थांबवले आणि स्वतः पुन्हा कामाला वाकला. प्रेत उचलेपर्यंत ती तिथून हलली नाही. पुढच्या वेळी तिच्याबरोबर आणखी दोन बाया होत्या.

आज कोळशाच्या जागी मोबाईल आला आहे. दोराबाहेरून कोणी तो वर धरला, तर आतल्याने फक्त त्याचे पाय कुठे आहेत तेवढे पाहावे.